मुलांचे बक्षीस : कुलाब्याच्या गावापासून राणीच्या बागेपर्यंत

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि सनदा आठवतात. आपल्या बेने इस्राएल समाजाचा इतिहास सांगू लागलो की पहिली मशीद कोणी बांधली, शाळा कोणी काढली, पलटणीत कोण सुभेदार झाले, हे आपण अभिमानाने सांगतो. ते योग्यच आहे. परंतु ज्या मुलांसाठी त्या शाळा निघाल्या, त्या मुलांना आनंद कशाने होत असे, वर्षभर नीट अभ्यास केलेल्या मुलाला वडील बक्षीस म्हणून कोठे नेत, याची नोंद क्वचितच कोणी ठेवली आहे. हा विषय क्षुल्लक वाटेल. पण तो तसा नाही. मुलाला दिलेल्या बक्षिसात आईबापांची ऐपत दिसते, घराची रीत दिसते आणि ज्या शहरात ते घर आहे त्या शहराचे मनही दिसते.

प्रथम गावाकडे पाहू. कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे 1981 पासून ज्याला रायगड म्हणतात त्या जिल्ह्यातील, अलिबाग, रेवदंडा, चौल, नवगाव, पेण या भागांत आपले पूर्वज तेलाचा घाणा चालवीत व शेती करीत. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून शेजारी त्यांना शनिवार तेली म्हणत. अशा घरी मुलाला बक्षीस देण्यासाठी बाहेर कोठे जाण्याचा प्रश्नच नव्हता. बक्षीस घरातच होते आणि ते बहुधा सणाच्या ताटातून येई. नव्याच्या सणाला नारळाच्या दुधातला चिकाचा हलवा, होळीच्या सणाला, म्हणजे आपल्या पुरीमला, पुरणपोळी, आणि नवस फेडताना मलिद्याचे गोड पोहे, खोबरे व फळे, यांतला पहिला घास मुलांच्या हाती पडे. गावाबाहेरची मोठी सहल म्हणजे अलिबागेजवळच्या खंडाळ्याची. तेथील खडकावर एलियाहू हन्नाबीच्या रथाच्या व घोड्यांच्या खुणा आहेत अशी आपल्या लोकांची श्रद्धा आहे. मोठी माणसे तेथे नवसासाठी जात. मुले मात्र बैलगाडीच्या प्रवासासाठी आणि त्या खुणांत आपले बोट घालून पाहण्यासाठी जात. धर्म आणि मौज यांच्यात तेव्हा भिंत नव्हती.

अठराव्या शतकाच्या मध्यापासून आपली कुटुंबे मुंबईस येऊ लागली. 1796 मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी मांडवीत पहिली मशीद बांधली, तोवर तेथे आपली चांगली वस्ती झाली होती. पलटण, गोदी, रेल्वे, सरकारी कचेऱ्या आणि पुढे गिरण्या यांत पुरुषांना कामे मिळाली. हाती रोख पगार आला. परंतु अंगण गेले. मांडवी, डोंगरी, उमरखाडी येथील दाट वस्तीत एका खोलीत सातआठ माणसे राहत, आणि मुलाला धावायला चाळीच्या गॅलरीखेरीज जागा नसे. गावात जे बक्षीस घरातून निघे, ते शहरात घराबाहेर शोधावे लागले. घराबाहेर काय आहे, हे तर शहर ठरविते.

मुंबई शहराने याचे एक उत्तर भायखळ्यास दिले. 19 नोव्हेंबर 1862 रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्ते तेथे व्हिक्टोरिया गार्डन उघडले. इंग्रजी नाव पाटीवर राहिले. मराठी माणसाने पहिल्यापासून त्याला राणीची बाग म्हटले. शेती व बागाईत यांच्या अभ्यासासाठी स्थापन झालेल्या एका संस्थेची ही बाग. तिच्यासाठी व तिच्या आवारातील संग्रहालयासाठी नाना शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी लाड आणि डॉ. जॉर्ज बर्डवुड यांनी पुष्कळ खटपट केली. 1873 मध्ये ती संस्था मोडली आणि बाग नगरपालिकेच्या ताब्यात आली. 1890 च्या सुमारास आणखी जमीन जोडून प्राणिसंग्रहालयाची वाढ झाली. ही ताबेबदलाची गोष्ट कोरडी वाटली तरी तिचा अर्थ मोठा आहे. जी बाग विद्वानांनी झाडांचे प्रयोग करण्यासाठी मागितली होती, ती कर भरणाऱ्या सर्व नागरिकांची झाली. आणि नागरिकांनी ती आपल्या मुलांच्या हवाली केली.

या बागेशी यहुदी नावाचा संबंध फार जवळचा आहे, व तो आपल्या मुलांस मुद्दाम सांगण्याजोगा आहे. बागेच्या प्रवेशाजवळचा घड्याळाचा मनोरा 1865 सालचा असून तो डेव्हिड ससून यांच्या नावाचा आहे. बगदादहून आलेल्या या व्यापाऱ्याने दिलेला, राणीचे पती आल्बर्ट यांचा संगमरवरी पुतळा संग्रहालयाच्या आत उभा आहे. ते संग्रहालय 2 मे 1872 रोजी लोकांस खुले झाले आणि 1975 पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव धारण करून आहे. डेव्हिड ससून यांचे पुत्र सर आल्बर्ट ससून यांनी शहराला दिलेला, घोड्यावर बसलेल्या प्रिन्स ऑफ वेल्सचा पुतळा 1879 पासून कोटात उभा होता. त्यावरूनच त्या भागाला काळा घोडा हे नाव पडले. 1965 मध्ये तो पुतळा तेथून हलवून राणीच्या बागेत आणण्यात आला. म्हणजे भागाचे नाव कोटात राहिले आणि घोडा मुलांच्या वाट्यास आला. 2017 मध्ये जुन्या जागेजवळ नवा घोडा उभारला गेला. त्यावर स्वार मात्र नाही.

बगदादी मंडळी आणि आपण यांत अंतर होते, हे वाचकांस ठाऊक आहेच. त्यांचे मोठे व्यापारी बंगल्यांत राहत, आपली माणसे चाळीत. तथापि बागेच्या दाराशी हे अंतर उरत नसे. ससूनच्या घड्याळाखाली कारकुनाचा मुलगा जेवढ्या हक्काने उभा राही, तेवढ्याच हक्काने गिरणीकामगाराचा, पारशी दुकानदाराचा, बोहऱ्याचा आणि भंडाऱ्याचाही. त्या काळी पाण्याचे नळ, खाणावळी, क्लब व प्रार्थनेच्या जागा जातीजातींत वाटलेल्या होत्या. वाघाच्या पिंजऱ्यापुढे मात्र जात विचारली जात नव्हती.

संग्रहालयाबाहेर एक दगडी हत्ती आहे. त्याची हकिगत मुलांना जिवंत हत्तीइतकीच आवडते. ज्याच्यावरून पोर्तुगिजांनी घारापुरी बेटाला एलेफंटा हे नाव दिले, तोच हा हत्ती. 1864 मध्ये इंग्रजांनी तो उचलून विलायतेस नेण्याचा बेत केला. उचलताना तो कोसळून फुटला. तुकडे मुंबईतच राहिले, आणि 1914 मध्ये ते जोडून हत्ती पुन्हा उभा करण्यात आला. जिवंत हत्तीच्या पाठीवर बसून बागेत फेरी मारणे ही त्या काळच्या मुलांची सर्वांत मोठी हौस होती. संग्रहालयात निरनिराळ्या जातींच्या लोकांच्या, त्यांच्या पागोट्यांच्या व धंद्यांच्या मातीच्या लहान प्रतिकृती मांडलेल्या आहेत. वाचता न येणारी आजीसुद्धा नातवाचे बोट धरून त्या समजावून सांगू शके. असे शिक्षण फळ्यापुढे मिळत नाही.

आपल्या समाजाची वस्ती पुढे मांडवी-डोंगरीकडून भायखळा, माझगाव, आग्रीपाडा, जेकब सर्कल या बाजूस सरकली. आग्रीपाड्याची मागेन हसिदिम मशीद याच भागातली. हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या पुढाकाराने 1875 मध्ये निघालेली इस्राएल शाळा पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने माझगावात नांदू लागली. त्यामुळे घर, शाळा, मशीद आणि बाग ही चारही ठिकाणे पायी चालण्याच्या अंतरात आली. परीक्षेचा निकाल लागला की बागेत जायचे, हे एवढ्यासाठीच जमू शकले. बक्षीस जवळ असेल तरच ते वेळेवर देता येते, आणि मुलाच्या लेखी बक्षिसाचे अर्धे मोल त्याच्या वेळेत असते.

जे दूर राहत त्यांच्यासाठी ट्राम होती. 9 मे 1874 रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. कुलाब्याहून पायधुणीपर्यंतचे भाडे प्रथम तीन आणे होते, ते लवकरच दोन आणे झाले. 7 मे 1907 रोजी विजेची ट्राम आली, 1920 मध्ये दुमजली ट्राम आली, आणि 1937 मध्ये दुमजली बस. मुलाच्या दृष्टीने वरच्या मजल्यावरची पुढची जागा हेच निम्मे बक्षीस असे. बाग ही नंतरची गोष्ट. 31 मार्च 1964 रोजी बोरीबंदर ते दादर अशी शेवटची ट्राम धावली. आपल्यापैकी जी कुटुंबे त्याआधी इस्राएलला आली, त्यांच्या आठवणीतल्या मुंबईत ट्राम अजून खडखडत आहे. जी नंतर आली, त्यांच्या मुंबईत लाल दुमजली बस आहे. डिझेलवर चालणारी जुनी दुमजली बसही सप्टेंबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली, व तिच्या जागी विजेवर चालणारी थंड हवेची बस आली आहे.

सहलीचा दिवस कोणता, हाही आपल्या घरांत विचाराचा विषय असे. शब्बाथ पाळणाऱ्या घरी शनिवारी वाहनात बसणे नाही, पैशास हात लावणे नाही. तेव्हा सहल रविवारी. कचेऱ्याही रविवारी बंद असत, म्हणून वडील घरी सापडत. खाण्याची अडचण शहरानेच सोडविली होती. भाजलेले शेंगदाणे, चणे, चुरमुऱ्याची भेळ, उसाचा रस, बर्फाचा गोळा या साऱ्या वस्तूंत मांसाचा प्रश्न येत नव्हता. दुपारी मटण झाले असेल, तर कुल्फीसाठी हट्ट करणाऱ्या मुलाला मात्र समजूत घालून थांबवावे लागे. मुंबईतील हिंदू, जैन व मुसलमान फिरस्त्यांनी आपापल्या गिऱ्हाइकांच्या सोवळ्याचा विचार करून जो खाऊ रस्त्यावर आणला, तो आपल्या नियमांतही सहज बसला. धर्म सांभाळून मौज करता येते, हे मुलाला कोणी व्याख्यान देऊन सांगितले नाही. भेळेच्या कागदी पुडीने ते शिकविले.

राणीच्या बागेमागोमाग इतर ठिकाणे आली. मलबार टेकडीवर पाण्याच्या टाक्यांवर 1881 मध्ये बाग झाली. तिच्यासमोर 1952 मध्ये कमला नेहरू पार्क झाले व तेथील म्हातारीचा बूट मुंबईच्या प्रत्येक मुलाला माहीत झाला. 1951 मध्ये मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले. त्यासाठी एका पारशी दात्याने मोठी देणगी दिली होती. 1977 मध्ये वरळीस नेहरू तारांगण झाले. चौपाटीला तर उद्घाटनाची गरजच नव्हती. समुद्र, वाळू आणि भेळ ही तिकिटावाचून मिळत. पुण्यातील आपल्या कुटुंबांसाठी पेशवे पार्क होते, आणि 1956 पासून तेथे फुलराणी ही छोटी आगगाडी धावू लागली. नेरळहून माथेरानला जाणारी 1907 सालची गाडी ही सुट्टीतली चैन. ती सर्वांना परवडत नसे.

आणखी एक बक्षीस होते, सिनेमाचे. 7 जुलै 1896 रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखविली गेली तेव्हा तिकीट एक रुपया होते, म्हणजे साध्या घरांना ते बंदच होते. आठवड्याभरात ते खेळ नॉव्हेल्टी नाटकगृहात गेले व चार आण्यांचेही तिकीट निघाले. पडदानशीन स्त्रियांसाठी तेथे वेगळ्या बैठका ठेवल्या होत्या. दर उतरले आणि स्त्रियांची सोय झाली, तेव्हाच सिनेमा कुटुंबाचा झाला. पुढे आपल्याच समाजातील डेव्हिड अब्राहम चेऊलकर पडद्यावर आले. 1954 सालच्या ‘बूट पॉलिश’ या चित्रपटात रस्त्यावरच्या दोन अनाथ मुलांना भीक मागण्याऐवजी कष्ट करण्यास शिकविणारा जॉन चाचा त्यांनी उभा केला, व त्या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. चौलच्या नावाचा माणूस साऱ्या हिंदुस्थानातील मुलांचा चाचा झाला, ही आपल्या घरी बक्षिसाहून मोठी गोष्ट होती.

हे सारे आपोआप घडते असे कोणी समजू नये. शहर मुलांना जशी जागा देऊ शकते, तशी ती काढूनही घेऊ शकते. याचे उदाहरण आपल्या आजच्या घराच्या अगदी शेजारी आहे. एलातच्या किनाऱ्यावर उभे राहिले असता, हवा स्वच्छ असेल तर, आखातापलीकडे सौदी अरबस्तानचे डोंगर दिसतात. 1970 नंतर तेलाच्या पैशामुळे त्या देशातील रियाध व जेद्दा ही शहरे झपाट्याने वाढली, आणि महाराष्ट्रातूनही अनेक माणसे तेथे नोकरीस गेली. तेथे पैशास तोटा नव्हता. तथापि 1979 मध्ये मक्केच्या मोठ्या मशिदीवर बंडखोरांनी कब्जा केला. ते बंड मोडल्यावर राजवटीने कडव्या धर्मगुरूंचे म्हणणे अधिक ऐकण्यास सुरुवात केली, आणि 1980 नंतरच्या थोड्याच वर्षांत सिनेमागृहे बंद झाली. करमणुकीच्या बागांत पुरुषांच्या व स्त्रियांच्या वेळा वेगळ्या, उपाहारगृहांत एकट्या पुरुषांची व कुटुंबांची दारे वेगळी. नोव्हेंबर 1986 मध्ये समुद्रावरून बहारीनला जाणारा सुमारे 25 किलोमीटरचा पूल खुला झाला. पुढे कित्येक सौदी कुटुंबे केवळ सिनेमा पाहण्यासाठी मुलांना घेऊन तो पूल ओलांडीत. बक्षीस देण्यासाठी देशाबाहेर जावे लागावे, याहून श्रीमंत शहराची गरिबी दुसरी कोणती?

त्याच देशात 2012 मध्ये हैफा अल् मन्सूर या स्त्री दिग्दर्शिकेने ‘वाज्दा’ नावाचा चित्रपट काढला. त्यातील दहा वर्षांच्या मुलीला हिरवी सायकल हवी असते. मुलीने सायकल चालवू नये असे मोठ्यांचे मत. ती कुराणपठणाच्या स्पर्धेत उतरते, कारण बक्षिसाच्या रकमेत सायकल येणार असते. मुलाने बक्षीस कमवावे व मोठ्यांनी ते नाकारावे, यातले दुःख समजण्यास अरबी भाषा येण्याची गरज नाही. पुढच्याच वर्षी, 2013 मध्ये, स्त्रियांना बागांत व करमणुकीच्या ठिकाणी, सोबत घरचा पुरुष असल्यास, सायकलीस परवानगी मिळाली. 2016 मध्ये सरकारने करमणुकीसाठी स्वतंत्र खाते काढले, 18 एप्रिल 2018 रोजी रियाधमध्ये सिनेमा पुन्हा सुरू झाला, आणि 2019 पासून तेथे हंगामी जत्रेचे मोठे उत्सव भरू लागले. दार उघडले, हे चांगले झाले. परंतु ते राजाज्ञेने बंद झाले होते व राजाज्ञेनेच उघडले. मुंबईचे दार नागरिकांच्या वर्गणीने, नगरपालिकेच्या कराने व व्यापाऱ्यांच्या देणग्यांनी उघडले होते. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

मुंबईचेही सारे आलबेल आहे असे नाही. तेथे बंदी कोणाची नाही, पण दर वाढतो. 1989 मध्ये गोराईस एस्सेल वर्ल्ड निघाले, आणि बक्षीस म्हणजे महागडे तिकीट हा विचार रुजू लागला. राणीच्या बागेत, जिचे नाव आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे, 2017 पर्यंत मोठ्यांना 5 रुपये व मुलांना 2 रुपये पडत. 2016 मध्ये दक्षिण कोरियातून पेंग्विन पक्षी आणले गेले, 2017 मध्ये ते लोकांस दिसू लागले, आणि त्याच वर्षी दर 50 व 25 रुपये झाले. आईवडील व दोन मुले अशा कुटुंबास मिळून 100 रुपये. पक्ष्यांना थंड हवा लागते व तिला खर्च येतो, हे खरे. तरीही रोजंदारीवरच्या बापाला 100 रुपयांचा विचार करावा लागतो, हेही तितकेच खरे. ज्या बागेचे सारे मोल तिच्या स्वस्ताईत होते, तिने ती स्वस्ताई जपली पाहिजे.

वाचकहो, आपली नातवंडे लोद, रामले, अश्दोद, बेरशेबा, दिमोना येथे वाढली. त्यांच्यासाठी 1974 पासून रामात गानचे सफारी आहे, जेरुसलेमचे पवित्र शास्त्रातील प्राण्यांचे उद्यान आहे, समुद्रकिनारेही आहेत. त्यांना राणीच्या बागेवाचून काही अडत नाही. परंतु आजीआजोबा मुंबईच्या बागेची गोष्ट सांगतात, तेव्हा नातवंडांना ती केवळ हत्तीची गोष्ट वाटू नये. चाळीत राहणाऱ्या आपल्या माणसांनी थोड्या पगारात मुलांचे बालपण आनंदाचे केले. ते त्यांना एकट्याच्या बळावर साधले नसते. कोणा शंकरशेटने खटपट केली, कोणा ससूनने घड्याळ बांधले, कोणा पारशाने मत्स्यालयास पैसे दिले, आणि हजारो अनामिकांनी कर भरला, तेव्हा आपल्या आजोबांचा हात धरून एक मूल हत्तीपुढे उभे राहिले. त्या मुलाच्या बक्षिसात साऱ्या शहराचा वाटा होता.

म्हणून दोन गोष्टी कराव्या, असे सुचवावेसे वाटते. घरी जुनी छायाचित्रे असतील त्यांत बागेतले, चौपाटीवरचे वा म्हातारीच्या बुटाजवळचे एखादे असेलच; त्याच्या मागे साल व माणसांची नावे लिहून ठेवावी, कारण ती सांगू शकणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. आणि आज आपण ज्या गावात राहतो, तेथील सार्वजनिक बाग, वाचनालय, खेळाचे मैदान यांच्यासाठी नगरपालिकेच्या दारी जाण्यास आळस करू नये. आपल्याला ज्यांनी बक्षीस दिले, त्यांतील पुष्कळांची नावे आपल्याला कधी कळलीच नाहीत. त्यांचे ऋण फेडायचे, तर ते आपल्याला न ओळखणाऱ्या मुलांसाठी काही करूनच फेडता येईल.